प्रकल्प नोंदी: आधी फायली, मग प्रोग्रॅम

९ जून २०२५

आजच्या बैठकीत कार्यालयाचं सॉफ्टवेअर नव्यानं ठरवायचं काम माझ्याकडे आलं. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपतोय. आपली निम्म्याहून जास्त मशिनं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत: कुठे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, कुठे प्रोसेसर जुन्या पिढीचा. मशिनं मात्र ठणठणीत चालतात, ती भंगारात काढणं मला पटत नाही. त्याच सुमारास ऑफिस पॅकेजचं आणि पानांच्या मांडणीच्या प्रोग्रॅमचं सबस्क्रिप्शनही संपतंय. सरांचं म्हणणं, तुकड्यातुकड्यानं निर्णय नकोत. विकतचं कुठे ठेवायचं आणि ओपन सोर्स (ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर) कुठे घ्यायचं, ते एकदाच नीट बघून घ्या.

मी बैठकीत एक अट घातली, ती इथेही लिहून ठेवते. सुरुवात प्रोग्रॅम बदलण्यापासून करायची नाही. आपण इतकी वर्षं केलेलं काम कोणकोणत्या फायलींत आहे, त्या उघडायला कोणावर अवलंबून राहावं लागतं आणि उद्या तो प्रोग्रॅम नसला तर आपल्या हातात काय उरतं, हे आधी बघायचं. हे कळल्याशिवाय "फुकट की विकत" ही चर्चा वरवरची होते.

१२ जून

प्रत्येकाच्या टेबलापाशी बसून दिवसभर खरोखर काय उघडं असतं ते लिहून घेतलं. "ओपन सोर्स आम्हाला जमणार नाही" असं ज्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यांच्याही मशिनवर फायरफॉक्स, व्हीएलसी आणि सेव्हन-झिप ही ओपन सोर्स सॉफ्टवेअर कित्येक वर्षांपासून आहेत. आपली वेबसाइट लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सर्व्हरवर आहे. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचंच कर्नल, म्हणजे गाभा, आहे. क्रोमचा बहुतेक कोड क्रोमियम या खुल्या प्रकल्पातला आहे.

लोकांना भीती वाटते ती हाताला बसलेली सवय मोडण्याची, आणि ती रास्त आहे. पंधरा वर्षं एकाच प्रोग्रॅमचे शॉर्टकट वापरणाऱ्या माणसाला "सारखंच आहे हो" असं सांगणं बरोबर नाही. सारखं नसतं.

अडचणीच्या जागा दिसल्या त्या अशा: जुन्या पुस्तिका, हिशेबाचं एक्सेल, मांडणी आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून ऐकवणारा प्रोग्रॅम). मेल आणि साधी पत्रं यांत फार वेळ घालवायचा नाही.

१७ जून

सर्व्हरवरचं "जुने" नावाचं फोल्डर उघडलं. सगळ्या पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या फायली. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. त्यापुढे तो प्रोग्रॅम वाढलाच नाही. आपल्या पुस्तिकांच्या छापील प्रती कपाटात आहेत, पण एखादी सुधारून पुन्हा छापायची म्हटली तर मजकूर या फायलींत अडकलेला.

लिबरऑफिस या खुल्या ऑफिस पॅकेजातल्या ड्रॉमध्ये एक फाईल टाकून पाहिली आणि ती उघडली. चौकटी सरकल्या होत्या, काही चित्रं आली नाहीत, पण मजकूर आला. मागे पडलेल्या प्रोग्रॅमांच्या फायली वाचता याव्यात म्हणून डॉक्युमेंट लिबरेशन नावाचा एक प्रकल्प आहे, त्यातल्या लोकांनी लिहिलेला कोड इथे कामी येतो. ज्यांचा आपल्या पुस्तिकांशी काहीही संबंध नाही अशा माणसांनी खपून हे केलंय. मला त्यांच्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

आलेला मजकूर मात्र मराठी दिसत नाही. तो युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवत: अर्धा व, काना, वेलांटी, असं सुटं सुटं. तो फॉन्ट काढला की मागे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा ढीग उरतो. शिवाय प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याची बसवणूक वेगळी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण छपाईच्या कामात ती यायला पुढे बराच काळ गेला. त्या मधल्या काळातलं सगळं काम असं अडकून पडलंय.

२० जून

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत कन्व्हर्टर, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी स्क्रिप्ट, लिहायला घेतला. कोणत्या इंग्रजी अक्षराच्या जागी कोणता तुकडा, हा तक्ता सोपा. खरा गुंता क्रमाचा आहे. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्याला दिसतं त्या क्रमानं अक्षरं साठवलेली असतात. "स्थिती" लिहिताना पहिली वेलांटी सगळ्यांत आधी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, म्हणजे वेलांटी पूर्ण जोडाक्षराच्या नंतर. म्हणून प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून पुढचं जोडाक्षर संपतं तिथपर्यंत न्यावी लागते. रफाराचं बरोबर उलट. "विद्यार्थी"मधला रफार जुन्या फाईलमध्ये थी च्या मागे येतो, तो तिथून काढून थ च्या अलीकडे "र्" म्हणून बसवायचा. काही फॉन्टांत तर दीर्घ वेलांटी आणि रफार मिळून एकच चिन्ह असतं.

त्यातून मराठीची स्वतःची अडचण. "दर्या" आणि "दऱ्या" यांतला फरक हिंदीसाठी लिहिलेल्या कन्व्हर्टरांना कळत नाही. ते दोन्हीकडे रफारच देतात. डोंगरांच्या पुस्तिकेत सगळीकडे समुद्र आला असता. मुद्रितशोधनाच्या ताईंनी अशा शब्दांची यादी करून दिली, त्यावर चाचण्या लिहिल्या. आता एका फॉन्टचं रूपांतर बऱ्यापैकी विश्वासानं करता येतं. तरी ताई वाचल्याशिवाय काहीही पुढे जाणार नाही.

स्क्रिप्ट जीपीएल लायसन्सखाली (वापरा, बदला, पण बदलून पुढे दिलंत तर तेही खुलंच ठेवा) खुली करायला सरांनी मान्यता दिली. आपल्यासारखी फोल्डरं अनेकांकडे असणार.

१ जुलै

अनुवादाच्या सहकाऱ्याचं मशिन वीज गेल्यानं मधेच बंद पडलं आणि त्याची लिबरऑफिसमधली ओडीटी फाईल उघडेना. फाईलची प्रत काढली, तिचं एक्सटेन्शन बदलून झिप केलं, झिप दुरुस्त करणारी आज्ञा चालवली. आत कंटेंट नावाची एक्सएमएल फाईल शाबूत होती. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर त्याचे परिच्छेद एकाखाली एक, वाचता येतील असे. पानाच्या शैली पुन्हा लावाव्या लागल्या, मजकूर पूर्ण मिळाला. तो शेजारीच उभा होता. फाईलच्या आत असं डोकावता येतं हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

मग त्याला वर्डची डॉक्सएक्स फाईलही तशीच उघडून दाखवली, कारण तीही झिपच असते. इथे प्रामाणिक राहायला हवं. ओडीटी ज्यात मोडते ते ओडीएफ हे खुलं स्वरूप २००६ साली आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय, मानक झालं, तर डॉक्सएक्स ज्यात मोडते ते मायक्रोसॉफ्टचं ओओएक्सएमएल २००८ साली. म्हणजे डॉक्सएक्सचीही रचना छापून उपलब्ध आहे. पण त्या मानकाचे दोन प्रकार आहेत, काटेकोर आणि जुन्याशी जुळवून घेणारा. रोजच्या वापरातल्या फायली बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या असतात, आणि त्यात जुन्या आवृत्त्यांचे बरेच अवशेष असतात. बाहेरच्या प्रोग्रॅमला त्या तंतोतंत दाखवणं म्हणूनच जड जातं.

निर्णय: आतलं सगळं काम ओडीएफमध्ये. बाहेरच्यांना बदल करायचे असतील तर डॉक्सएक्स. पूर्ण झालेलं काम पीडीएफमध्ये. पीडीएफ हे एका कंपनीनं १९९३ साली आणलेलं स्वरूप, २००८ साली ते आयएसओ मानक झालं. बंदिस्त गोष्ट खुली झाल्यावर सगळ्यांचं किती भलं होतं, त्याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

४ जुलै

"लिबरऑफिसमध्ये पत्रं बिघडतात" या तक्रारीचं मूळ बहुतांश फॉन्टमध्ये सापडलं. कॅलिब्री मशिनवर नसला की दुसरा फॉन्ट येतो, ओळी लांबतात, सही पुढच्या पानावर जाते. कार्लिटो हा खुला फॉन्ट कॅलिब्रीच्याच मापांचा आहे, कॅम्ब्रियासाठी कॅलेडिया, एरियल आणि टाइम्ससाठी लिबरेशन. सगळीकडे बसवले. मराठीसाठी नोटो. तक्रारी एकदम कमी झाल्या.

८ जुलै

सरांनी विचारलं, "म्युनिकनं हे सगळं करून परत फिरवलं, ते वाचलंय का?" वाचलंय. म्युनिक महापालिकेनं २००३ साली लिनक्सकडे जायचं ठरवलं. लिमक्स या नावानं चाललेल्या त्या प्रकल्पात पुढच्या दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक हलवले, साच्यांसाठी आणि फॉर्मसाठी वोलमक्स नावाचं स्वतःचं साधनही बनवलं. २०१७ साली नगरपरिषदेनं पुन्हा विंडोजकडे वळायचं ठरवलं. २०२० साली आलेल्या नव्या आघाडीनं परत खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं जाहीर केलं. दुसरीकडे जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यानं २०२४ साली सुमारे ३० हजार संगणकांवर लिबरऑफिस आणायचा निर्णय घेतला.

यावरून ओपन सोर्स फसतं किंवा जिंकतं असं काहीच सिद्ध होत नाही. मला त्यातून इतकंच घ्यायचंय की असा बदल वरिष्ठ बदलले तरी टिकायला हवा. म्हणून प्रत्येक निर्णयाचं कारण या नोंदींत लिहितेय. माझ्यानंतर येणाऱ्याला ते पटलं नाही तर त्यानं बदलावं, पण कारण वाचून बदलावं.

त्यांचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: "उद्या लिबरऑफिस बंद पडलं तर?" त्याचं उत्तर त्याच्या जन्मकथेतच आहे. स्टारऑफिस हे जर्मन कंपनीचं बंदिस्त सॉफ्टवेअर. सन नावाच्या दुसऱ्या कंपनीनं १९९९ साली ती विकत घेतली, २००० साली कोड खुला केला, त्याचं ओपनऑफिस झालं. २०१० साली ओरॅकल कंपनीनं सन कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विकासकांच्या मोठ्या गटानं कोडची प्रत घेऊन वेगळी वाट धरली, तेच लिबरऑफिस. मालक दोनदा बदलले आणि लोकांच्या फायली उघडत राहिल्या. पेजमेकरच्या बाबतीत हे होऊ शकलं नाही, कारण कोड हातात नव्हता.

१६ जुलै

हिशेबाचं एक्सेल. आजवरच्या कामातला सगळ्यांत अवघड भाग हाच.

महिनाअखेरीला हिशेबाच्या ताई एक बटण दाबतात, मॅक्रो (शीटच्या आतला छोटा प्रोग्रॅम) चालतो आणि सगळ्यांची देयकं तयार होतात. "आत काय होतं ते मला विचारू नका," त्या म्हणाल्या, "ज्यांनी केलं ते नोकरी सोडून गेले." लिबरऑफिसमधलं कॅल्क व्हीबीएचे, म्हणजे एक्सेलच्या स्वतःच्या भाषेतले, बरेच मॅक्रो चालवतं, सगळे नाही, फॉर्म आणि ॲक्टिव्हएक्सची बटणं असली की गाडी अडते. इथेही अडली. कोड बघावा म्हटलं तर त्यालाही पासवर्ड.

मी थोडा वेळ नुसती बघत बसले. आपल्या कार्यालयातलं सगळ्यांत बंदिस्त सॉफ्टवेअर कुठल्या कंपनीकडून आलेलं नाही, ते इथेच तयार झालंय. त्याचा कोड कुणाला दिसत नाही, लिहिणारा माणूस इथे नाही, कागदपत्रं नाहीत, आणि आपले सगळ्यांचे पैसे त्यातून जातात. उद्या सगळ्या मशिनवर लिनक्स आणला आणि हे असंच ठेवलं, तर आपण काय मिळवलं?

तो मॅक्रो लिहिणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केला. त्यांना पासवर्ड आठवत होता आणि त्यांनी आनंदानं दिला.

२२ जुलै

मॅक्रो ओळ न् ओळ वाचला. मुख्य काम साध्या सूत्रांनी होण्यासारखं आहे. पण एक जागा अशी सापडली की ती कुणालाच माहीत नव्हती: प्रत्येक ओळीची रक्कम आधी पूर्णांकात केली जाते आणि मग बेरीज होते. आपण सरळ बेरीज करून शेवटी पूर्णांक केला असता, तर एकूण आकड्यात फरक आला असता आणि तो नवीन प्रोग्रॅमच्या माथी मारला गेला असता. ताईंना विचारलं, त्यांच्या मते ओळीनुसार पूर्णांक करणंच बरोबर, कारण देयकावर तीच रक्कम छापली जाते. तसंच ठेवलं आणि शीटवरच लिहून ठेवलं.

तारखांची जुळणी बघताना एक गंमतशीर गोष्ट कळली. एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं. ते तसं नव्हतं, पण लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये ती चूक होती आणि त्या फायलींशी जुळावं म्हणून एक्सेलनं ती मुद्दाम ठेवली. कॅल्कनं मोजणी ३० डिसेंबर १८९९ पासून सुरू केली, त्यामुळे १ मार्च १९०० नंतरच्या तारखा दोन्हीकडे जुळतात. कधीच मागे पडलेल्या एका प्रोग्रॅमची चूक आजच्या खुल्या प्रोग्रॅमलाही सांभाळून घ्यावी लागते.

ऑगस्टपासून जुनी आणि नवी शीट समांतर चालवायच्या. लेखापरीक्षकांकडून मॅक्रोच्या फायली येतात, त्यासाठी एक्सेलचं एक लायसन्स राहील. त्याबद्दल मला काही वाटत नाही.

२९ जुलै

आपल्या एका सहकाऱ्याला दिसत नाही. अनुवाद तपासण्याचं काम ते स्क्रीन रीडरनं करतात, आणि त्यांचा वेग माझ्यापेक्षा जास्त आहे. ते एनव्हीडीए वापरतात. हे सॉफ्टवेअर मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ साली सुरू केलं, कारण महागड्या स्क्रीन रीडरसाठी पैसे मोजल्याशिवाय अंध माणसाला संगणकच मिळत नाही हे त्याला मान्य नव्हतं. पूर्ण ओपन सोर्स, जीपीएल. आणि ते फक्त विंडोजवर चालतं.

लिनक्सवर ओर्का आहे. त्यांनी तो मन लावून वापरून पाहिला. त्यांचं मत जसंच्या तसं: "वाचतो नीट. पण टिप्पण्या, तक्ते, ट्रॅक केलेले बदल, यात मला थांबत थांबत जावं लागतं. माझं कामच ते आहे."

निर्णय: त्यांच्यासाठी विंडोज ११ चं नवीन मशिन, त्यावर एनव्हीडीए. कुणीतरी विचारलं की मग हे तत्त्वाला धरून झालं का. माझ्या मते पूर्ण धरून आहे. त्यांना त्यांचं काम स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या वेगानं करता यावं, यासाठीच तर हे सगळं. फायली ओडीएफच राहतील, म्हणजे ते आणि आम्ही एकाच फाईलवर काम करू शकतो.

११ ऑगस्ट

मांडणी. स्क्रायबस हे पानांच्या मांडणीचं खुलं सॉफ्टवेअर पाहिलं. त्याच्या १.४ मालिकेत मराठी जोडाक्षरं तुटायची, म्हणून पूर्वी नाद सोडला होता. १.६ मध्ये अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे साधन आहे, जे फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइडमध्येही आहे. जोडाक्षरं आता व्यवस्थित येतात, सीएमवायके (छपाईचे चार रंग) आणि छपाईसाठीचा पीडीएफ/एक्सही. छोट्या पुस्तिका यात होतील.

मोठे अहवाल होणार नाहीत. तळटीपा, लांबलचक तक्ते, छपाईवाल्याशी होणारी देवाणघेवाण, यात मांडणीकार सहकाऱ्याचे तासन् तास जातील. विकतचा प्रोग्रॅम ठेवला, फक्त त्याच्यापुरता. अट एकच: काम संपलं की मूळ फाईलसोबत एक्सएमएलची अदलाबदलीची प्रत, पीडीएफ आणि युनिकोड मजकूर, तिन्ही सर्व्हरवर. सबस्क्रिप्शन संपलं की मूळ फायली उघडत नाहीत. निदान पुस्तक तरी आपल्याकडे राहील. "जुने" नावाचं आणखी एक फोल्डर तयार व्हायला नको.

२६ ऑगस्ट

सुरक्षेवर चर्चा झाली. "कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे चोरालाही दिसतो ना?" हा प्रश्न योग्यच आहे. मी २०२४ सालचं एक्सझेडचं प्रकरण सांगितलं. फायली आवळणारं हे छोटं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते सांभाळणारा मुख्य माणूस एकटा आणि थकलेला. "जिया टॅन" नावाच्या कुणीतरी दोनेक वर्षं मदत करत करत त्याचा विश्वास मिळवला आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा ठेवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या मशिनवर लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, तो खोदत गेला आणि २९ मार्चला त्यानं सगळं उघड केलं.

खोदत जायला कोड उपलब्ध होता, म्हणून ते सापडलं. पण ज्या साधनावर जगभरातले सर्व्हर चालतात ते एका थकलेल्या माणसाच्या भरवशावर होतं, हेही तितकंच खरं. सरांशी बोलले: लायसन्सचे जे पैसे वाचतील त्यातला ठरावीक हिस्सा दर वर्षी द डॉक्युमेंट फाउंडेशन (लिबरऑफिसमागची संस्था) आणि एनव्ही ॲक्सेस (एनव्हीडीएमागची संस्था) यांना द्यायचा. मंजूर. मला आजचा हा निर्णय सगळ्यांत जास्त आवडला.

१५ सप्टेंबर

जुन्या मशिनवर लिनक्स मिंट २२ बसवायला सुरुवात; त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. इनस्क्रिप्टवर टाइप करणाऱ्यांना काहीच फरक जाणवला नाही, कळफलक तोच. उच्चारानुसार टाइप करणारे मात्र वैतागले, कारण तिथल्या जोडण्या वेगळ्या. त्यांना तक्ता छापून दिला. दोघांनी या निमित्तानं इनस्क्रिप्ट शिकायला घेतलंय.

स्पेलचेक मराठीत कच्चाच. प्रत्यय लागलेल्या शब्दांखाली सरसकट लाल रेघ येते. पण शब्दकोश ही साधी टेक्स्ट फाईल आहे, आपण भर घालू शकतो. मुद्रितशोधनाच्या ताईंनी त्यांची जुनी वही काढली आहे.

१४ ऑक्टोबर

विंडोज १० चा शेवटचा दिवस. विंडोज १० वर एकही मशिन उरलेलं नाही.

१० नोव्हेंबर

ऑक्टोबरची देयकं नव्या शीटवरून गेली. जुन्या आणि नव्या शीटचे आकडे ऑगस्टपासून जुळतायत, म्हणून समांतर चालवणं आजपासून बंद. हिशेबाच्या ताई आता सूत्रं स्वतः वाचतात. मागच्या आठवड्यात त्यांनी एक नवा स्तंभ स्वतःच घातला आणि कारण शेजारी लिहिलं.

उरलेलं: पेजमेकरमधला दुसरा फॉन्ट, ज्याचा तक्ता अजून अर्धवट आहे. बाहेरून येणाऱ्या डॉक्सएक्समध्ये ट्रॅक केलेले बदल कधी कधी तक्त्यांत घोळ करतात. कमीत कमी मजकुराची नमुना फाईल तयार करून बग नोंदवायचाय. मांडणीच्या सबस्क्रिप्शनचा फेरविचार पुढच्या जूनमध्ये, आणि तो मांडणीकारानंच मांडायचा. बॅकअपमधून सगळं परत आणून बघण्याची चाचणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठेवली आहे, तिची नोंद तेव्हा.